गेम खेळताना कॉम्प्युटर हँग होतो, ट्रक रस्त्यातच उभा! मदत हवी

सज्जनगडकर | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी बागकाम केलं, दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघरात लुडबुड केली. तिसऱ्या वर्षी मुलाने (आईच्या सांगण्यावरून, असा माझा दाट संशय आहे) कॉम्प्युटरवर युरो ट्रक सिम्युलेटर २ टाकून दिला आणि सोबत एक स्टिअरिंग व्हील आणून ठेवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोन तास मी ट्रकवर असतो. खंबाटकीच्या घाटात मुलाला गाडी चालवायला देणारा माणूस आता कॅले ते डुइसबर्ग वीस टन माल नेतो.

अडचण अशी की दिवाळीनंतर गेम सुरू केला की कधी वीस, कधी चाळीस मिनिटांनी सगळं चित्र जागच्या जागी थिजतं. आवाज 'टर्रर्रर्र' असा एकाच ठिकाणी अडकतो. माऊस हलत नाही, कंट्रोल-ऑल्ट-डिलीटला दाद नाही. पाच मिनिटं वाट बघतो आणि शेवटी बटण दाबून धरून बंद करतो. गेम नसताना काहीच त्रास नाही. पेपर, यूट्यूब, बँकेची कामं, सगळं सुरळीत.

मशीन २०२० मध्ये पुण्याहून जुळवून घेतलेलं. इंटेल आय-५ ९४००एफ, ८ जीबी रॅम (४ च्या दोन पट्ट्या), जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, २४० जीबी एसएसडी (विंडोज आणि गेम यावर), आणि आधीच्या कॉम्प्युटरमधली १ टीबीची हार्ड डिस्क (फोटो, मुंजीचं शूटिंग वगैरे). एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ४५० वॅट. विंडोज ११.

इथल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने झाकणही न उघडता 'फॉरमॅट मारावा लागेल काका, आठशे रुपये' असं सांगितलं. म्हटलं त्याआधी तुम्हाला विचारावं.

---

चिवडा_पाकीट | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५२

काका, पाच मिनिटं थांबायचंच आहे तर उतरून टायर बघून घ्यायचे. क्लीनर नाही का सोबत?

(कृपया हलके घ्या. जाणकार येतीलच. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

विदर्भकर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

पहिला संशय तापण्यावर. फक्त गेममध्येच, तेही वीस मिनिटांनी, म्हणजे काहीतरी तापून मग बसतंय. आमच्या नागपुरात मे महिन्यात खोलीतच ४२-४३ असतं, तिथे कॅबिनेटच्या आत काय होत असेल ते विचारू नका. माझ्या मशीनमध्ये पाच वर्षांनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) खडूसारखी वाळलेली निघाली होती, नखाने खरवडली.

एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, 'सेन्सर्स' उघडा आणि गेम खेळा. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. नव्वदीच्या आत असेल तर तापाचा विषय तिथेच सोडा. आणि साफसफाई करायला घेतलीत तर पंख्यात बोट किंवा पेन्सिल अडकवून मगच ब्लोअर मारा. मोकळा पंखा वाऱ्याने भन्नाट फिरला की बेअरिंग जातं.

---

खटपट्या | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३१

एसएमपीएस. डोळे झाकून. पाच वर्षं जुना, ४५० वॅट, लोड आला की मान टाकतो. चांगल्यातला ६५० घेऊन टाका, पाच-सहा हजारात येईल, पुढच्या कार्डालाही चालेल.

---

गावठी_गेमर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३३

फॉरमॅट मारा काका. मी दर सहा महिन्यांनी मारतो. अर्धी दुखणी त्यानेच जातात, उरलेली अर्धी आठवत नाहीत.

---

रॅमराम | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मंडळी, जरा दमानं. काकांना सगळ्यांनी मिळून दहा हजाराला घालू नका.

आधी 'हँग' म्हणजे नक्की काय ते ठरवू. मशीन आपोआप रीस्टार्ट होतंय का? नाही. निळा स्क्रीन येतोय का? नाही. गेम बंद पडून डेस्कटॉप दिसतोय का? तेही नाही. एसएमपीएस मान टाकतो तेव्हा बहुतेकदा मशीन धाडकन बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं, असं थिजून उभं राहत नाही. आणि १६५० हे कार्ड ७५ वॅटचं, प्रोसेसर ६५ वॅटचा. बाकी सगळं धरून अडीचशेच्या आत. ४५० पुष्कळ झाले.

काका, पुढच्या वेळी थिजलं की दोन गोष्टी करा.

कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का ते बघा. लागत असेल तर विंडोज आत जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. मग विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी एकदम दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर रीसेट होतो, स्क्रीन क्षणभर काळा होऊन परत येतो. चित्र परत आलं तर दोष कार्ड किंवा ड्रायव्हरकडे. दिवाच लागत नसेल तर मशीन मुळापासून थिजलंय, मग रॅम, बोर्ड वगैरे.

आणि इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडून 'सिस्टिम'मध्ये त्या वेळेच्या आसपास काय नोंद आहे ते इथे लिहा.

---

कन्सोल_भक्त | ९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

कन्सोल घ्या. सुखी व्हा.

---

चिवडा_पाकीट | ९ नोव्हेंबर, रात्री ११:२१

आला! मी घड्याळ लावूनच बसलो होतो.

---

सज्जनगडकर | १० नोव्हेंबर, रात्री ८:१५

सर्वांचे आभार. एका रात्रीत एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. बँकेत असल्यापासून सवय आहे, वहीत तारीखवार लिहून ठेवतो. आजच्या नोंदी देतो.

ताप: गेम चालू असताना प्रोसेसर जास्तीत जास्त ७१, कार्ड ६६. थिजलं तेव्हाही एवढंच.

कॅप्स लॉक: हे विचित्र आहे. दाबलं तेव्हा दिवा लागला नाही. मी हात काढून पाणी प्यायला गेलो, येऊन बघतो तर लागलेला! म्हणजे लागला, पण जवळजवळ मिनिटभराने. विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी ने काहीच झालं नाही.

डिस्क: मुलाने फोनवरून क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकायला सांगितलं. दोन्ही डिस्कवर निळ्या रंगात 'गुड' आहे.

इव्हेंट व्ह्यूअर: लाल खुणेच्या नोंदी पाहिल्या. दर वेळी एकच. कर्नल-पॉवर, क्रमांक ४१, 'क्रिटिकल'.

---

खटपट्या | १० नोव्हेंबर, रात्री ८:२२

बघा! कर्नल-पॉवर! नावातच आहे. मी काल काय म्हणत होतो?

---

रॅमराम | १० नोव्हेंबर, रात्री ८:४०

खटपट्याराव, नावावर जाऊ नका. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. काका स्वतःच बटण दाबून बंद करतायत, मग ४१ येणारच. तो पंचनामा आहे, मरणाचं कारण नव्हे.

कॅप्स लॉकचं मात्र कोडं पडलंय. मिनिटभराने दिवा म्हणजे मेलेलं नाही आणि जिवंतही म्हणवत नाही. रॅम तपासून घेऊ. स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' शोधा आणि रात्री लावून ठेवा. त्यात काही सापडलं नाही तर एकेक पट्टी काढून खेळून बघा. आधी एक काढा, मग दुसरी.

---

वडाप | १० नोव्हेंबर, रात्री ९:०२

काका, मॉड (गेममध्ये वरून टाकलेल्या हौशी लोकांच्या जोडण्या) किती टाकलेत? मीही याच गेमचा भक्त. माझ्याकडे लाल एसटीचा मॉड होता, गेमची नवी आवृत्ती आली की हमखास रडायचा. डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या फोल्डरात 'गेम.लॉग' नावाची फाइल असते, तिच्यात शेवटच्या ओळी बघा. आणि एकदा सगळे मॉड बंद करून चालवून बघा.

---

हडसनकाठचा | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी न्यू जर्सीत. इथे १२० व्होल्ट, त्यामुळे माझं ज्ञान तिकडे अर्ध्यावरच लागू पडेल. पण डोंबिवलीत असताना आमचं मशीन रोज सायंकाळी सातला बंद पडायचं. महिनाभर डोकं खाजवलं. सातला सोसायटीची पाण्याची मोटर सुरू व्हायची, तेवढ्यात व्होल्टेज डुलकी घ्यायचं. काका, तुमचा खेळही संध्याकाळचाच. अर्थिंग बघितलंय का? कॅबिनेटला हात लावून झिणझिण्या येतात का?

---

चिवडा_पाकीट | १० नोव्हेंबर, रात्री ९:४१

अर्थिंगवरून आठवलं. आमच्या कोकणातल्या घरी एसएमपीएसमध्ये पाल गेली होती. उबेला गेली बिचारी. मशीन चालू केलं तर आधी वास, मग धूर, मग आजी. आजी म्हणाली, 'शुभशकुन सांगून गेली हो.' तीन हजाराचा शकुन.

---

विदर्भकर | १० नोव्हेंबर, रात्री ९:४४

हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे मुंग्या. कीबोर्डच्या खाली वारूळच. फरसाण खात खेळणाऱ्यांनी विचार करावा.

---

मऊभात | १० नोव्हेंबर, रात्री १०:१५

प्रोसेसर १३ व्या-१४ व्या पिढीचा असता तर मी वेगळं सांगितलं असतं. त्यातल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष असल्याचं २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं, मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ९४००एफ ९ वी पिढी, त्याचा याच्याशी संबंध नाही. उगाच कुणी घाबरवू नये म्हणून लिहिलं.

---

सज्जनगडकर | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

दोन दिवसांच्या नोंदी. वहीची चार पानं भरली. ही विचारते, 'ऑडिट आहे का?'

मोटर/व्होल्टेज: आमच्या वायरमनकडून मीटर लावून घेतलं. २२८ ते २३४. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्ट. झिणझिण्या नाहीत. सकाळी दहाला मुद्दाम खेळून पाहिलं, तेव्हाही थिजलं.

ड्रायव्हर: मुलाने सांगितल्याप्रमाणे डीडीयू (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) वापरून सेफ मोडमध्ये जुना काढला, नवा टाकला. फरक नाही.

मॉड: अकरा होते (हो, लाल एसटीही). सगळे बंद केले. त्या दिवशी सव्वा तास चाललं! मला वाटलं सुटलं. मग थिजलं.

मेमरी डायग्नोस्टिक: दोष नाही.

रॅमची पट्टी: पहिली काढून दुसरीवर चालवलं. सहा मिनिटांत थिजलं. दुसरी काढून पहिलीवर चालवलं. सात मिनिटांत थिजलं. स्लॉट बदलून पाहिला. पाच मिनिटं.

आता मला काही समजत नाही. दोन्ही पट्ट्या एकदम खराब कशा होतील?

---

खटपट्या | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३८

दोन्ही पट्ट्यांवर, दोन्ही स्लॉटवर? मग मदरबोर्ड गेला. वाईट वाटतं सांगायला. ९ व्या पिढीचे बोर्ड आता नवे मिळणं अवघड, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुने मिळतील. नाहीतर बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा नवा संच, वीस-बावीस हजार.

---

कन्सोल_भक्त | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

एवढ्यात कन्सोल...

---

दुपारचा_चहा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:२५

थांबा थांबा. बोर्ड नका घेऊ.

मी एरवी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, पण पोटापाण्याला सर्व्हर आणि स्टोरेज सांभाळते. काकांची वही वाचली आणि राहवलं नाही. अशा नोंदी आमच्या ऑफिसात पगार घेणारी माणसंसुद्धा ठेवत नाहीत.

नोंदी क्रमाने बघा. ८ जीबी आणि अकरा मॉड: वीस ते चाळीस मिनिटं. ८ जीबी, मॉड नाहीत: सव्वा तास. ४ जीबी, पट्टी कुठलीही, स्लॉट कुठलाही: पाच ते सात मिनिटं. पट्टी खराब असती तर एकीवर थिजलं असतं आणि दुसरीवर चाललं असतं. इथे पट्टी कोणती याला महत्त्वच नाही. रॅम किती उरली यालाच आहे. जेवढी कमी, तेवढं लवकर थिजतंय.

रॅम अपुरी पडली की विंडोज काय करतं? रॅममधला सध्या नको असलेला भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. ओट्यावर जागा नसली की आपण परात खाली फरशीवर ठेवतो, तसं. आता ती परात आणायला गेलेला माणूस मिनिटभर परतलाच नाही तर? स्वयंपाक थांबेल. बिघडणार काही नाही, पण सगळं थांबेल. कॅप्स लॉकचा दिवा मिनिटभराने लागला तो यामुळे, असा माझा अंदाज.

काका, तीन प्रश्न:

१. तुमची पेजफाइल कुठल्या ड्राइव्हवर आहे? सिस्टिम प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, परत अॅडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी.

२. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तुम्ही लाल नोंदी पाहिल्या. पिवळे त्रिकोण बघा. १२९, १५३ किंवा ५१ असे क्रमांक आहेत का?

३. दिवाळीत कॉम्प्युटरची साफसफाई केली होती का?

---

रॅमराम | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४१

ताई, दंडवत. मी 'रॅम' नाव घेऊन मिरवतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. पण डिस्क तर 'गुड' आहे ना?

---

दुपारचा_चहा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५०

ते 'गुड' डिस्कच्या तबकड्यांबद्दल आहे, म्हणजे खराब सेक्टर आहेत का, एवढंच. डिस्कपासून बोर्डापर्यंतच्या रस्त्याबद्दल ते बोलत नाही. काकांचं उत्तर येऊ द्या.

---

सज्जनगडकर | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

ताई, रात्री झोप लागली नाही, पहाटे उठून बघितलं.

१. पेजफाइल डी वर. सी वर 'नो पेजिंग फाइल'. आता आठवलं. २०२० मध्ये मशीन घेतलं तेव्हा ऑफिसातल्या एका हुशार सहकाऱ्याने सांगितलं होतं की एसएसडी सतत लिहून झिजते, पेजफाइल जुन्या डिस्कवर टाका. टाकली आणि विसरलो.

२. पिवळे त्रिकोण! डोळे फिरले. १२९, स्टोरएएचसीआय, 'रीसेट टू डिव्हाइस, रेडपोर्ट०, वॉज इश्यूड'. रांगेने आहेत. काही ठिकाणी त्यांच्या मागोमाग ५१, 'पेजिंग ऑपरेशन' असे शब्द आहेत. मी फक्त लाल बघत होतो. चाळीस वर्षं बँकेत लाल शेऱ्यांना घाबरण्यात गेली, पिवळ्याकडे कोण बघतो!

३. हो. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी झाकण उघडून रंगाच्या ब्रशने झाडलं होतं. तुम्हाला कसं कळलं?

---

चिवडा_पाकीट | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

रेडपोर्ट म्हणजे काय, इन्कम टॅक्सची रेड का? बँकवाले काका, खरं सांगा.

---

दुपारचा_चहा | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

'दिवाळीनंतर' हे तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंत. दिवाळीत महाराष्ट्रात ज्या ज्या वस्तूला हात लागतो त्यातली एक तरी बिघडते.

१२९ चा अर्थ असा की विंडोजने डिस्कला काम सांगितलं, उत्तराची वाट बघितली, आलं नाही, शेवटी जोडणी रीसेट केली. वाट बघण्यात अर्धा-एक मिनिट जातं. एकामागून एक चार-पाच वेळा झालं की तुमची पाच मिनिटं झाली. ५१ दिसलं म्हणजे दर वेळी पेजफाइलच असेल असं नाही, पण इथे पेजफाइल त्याच डिस्कवर आहे, त्यामुळे संशयाला जागा उरत नाही.

यूट्यूब-पेपरला रॅम पुरत होती, डी ला फारसा हात लागत नव्हता, म्हणून तेव्हा सगळं गोड.

आता क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये त्या जुन्या डिस्कवर जा. खालच्या तक्त्यात 'सी७' अशी ओळ असेल, अल्ट्राडीएमए सीआरसी एरर काउंट. शेवटच्या रकान्यात काय आहे?

---

सज्जनगडकर | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

पुढे भरपूर शून्यं आणि शेवटी १ए४. हे 'ए' मध्येच कुठून आलं?

---

दुपारचा_चहा | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:४८

तो आकडा सोळाच्या पद्धतीत लिहिलेला असतो. ए म्हणजे दहा. एक गुणिले २५६, अधिक दहा गुणिले १६, अधिक ४. म्हणजे... अरे देवा.

४२०.

---

चिवडा_पाकीट | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

!!!!!!!!

केबल चारसोबीस निघाली. धागा इथेच अजरामर झाला.

---

विदर्भकर | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:५३

ऑफिसात मोठ्याने हसलो. बॉसने विचारलं काय झालं. काय सांगू?

---

दुपारचा_चहा | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

हसून झालं असेल तर पुढे. डिस्ककडून निघालेली माहिती आणि बोर्डाला पोचलेली माहिती जुळली नाही की हा आकडा एकाने वाढतो. डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलमध्ये सातच पिना. तीन अर्थिंगच्या आणि उरलेल्या चार म्हणजे जाण्याची एक जोडी, येण्याची एक. त्यातली एक जरी नीट टेकत नसेल तरी हे होतं. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे ४२० तसाच राहील. तो वाढायचा थांबला की केबल बरी झाली समजायचं.

काका, दोन कामं, पण एकदम नाही. आज फक्त पेजफाइल सी वर आणा, 'सिस्टिम मॅनेज्ड' ठेवा, डी वरची काढा, रीस्टार्ट करा आणि खेळा. केबलला आज हात लावू नका. दोन्ही एकदम केलंत तर कशाने बरं झालं ते कळणार नाही. केबल उद्या. आणि त्याआधी डी वरचे फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, हे सगळ्यात आधी.

---

खटपट्या | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:३५

ताई, पेजफाइल एसएसडीवर? २४० जीबीची छोटी एसएसडी, दोन वर्षांत खलास होईल. माझा याला विरोध. रॅम १६ करा आणि पेजफाइल बंदच करून टाका.

---

मऊभात | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

ही एसएसडी झिजण्याची भीती फार जुनी आहे. २००९ मध्ये विंडोज ७ च्या अभियंत्यांनी याच प्रश्नाला उत्तर देताना लिहिलं होतं की पेजफाइल एसएसडीवरच ठेवावी. पेजफाइलमधून वाचणं हे तिच्यात लिहिण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा होतं आणि छोटे छोटे तुकडे वाचण्यात एसएसडी हुशार असते. बंद करणं तर मुळीच नको. मग रॅम भरली की गेम सरळ कोसळतो.

---

खटपट्या | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:१२

बरं. तेवढं रॅम १६ करण्याचं तरी माझं ठेवा.

---

दुपारचा_चहा | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

ते ठेवलं. अकरा मॉडना ८ जीबी कमीच आहे.

---

सज्जनगडकर | १५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

उशीर झाला, क्षमस्व. फोटो उतरवायलाच दीड दिवस गेला, कारण डी वरून कॉपी करताना मध्येच थांबायचं, मग आपोआप पुढे जायचं. मुंजीचं शूटिंग तीन वेळा अडकलं. पण आलं. सगळं मुलाने पाठवलेल्या बाहेरच्या डिस्कवर आहे.

गुरुवारी रात्री पेजफाइल सी वर आणली. शुक्रवारी दोन तास दहा मिनिटं खेळलो, सगळे मॉड चालू ठेवून. एकदाही थिजलं नाही. थोडं अडखळलं, पण चालत राहिलं. त्याच वेळी डी उघडून पाहिलं तर ती खिडकी मात्र अडकली, आणि पिवळा त्रिकोण नवा! म्हणजे गेम सुटला, दुखणं तिथेच.

आज सकाळी झाकण उघडलं. ताई, फोटो काढायला हवा होता. लाल रंगाची जुनी केबल, टोकाला ती धातूची खिट्टी नसलेली. मी झाडताना ती डिस्कच्या मागे ओढली गेली असणार, आणि झाकण लावताना त्या झाकणानेच ती दाबली जात होती. प्लगपाशी काटकोनात मोडलेली, आतली वायर बाहेरून हाताला लागत होती. डिस्कच्या टोकाला हलवली तर लोंबत्या दातासारखी डुगडुगत होती.

खिट्टीवाली नवी केबल एकशे वीस रुपये. दुकानदाराने विचारलं 'एकच?' म्हटलं एकच.

दुपारपासून डी वरून वीस जीबी इकडून तिकडे केलं. सी७ वर १ए७ आहे (शुक्रवारच्या तीन चुका धरून), त्यापुढे हललेला नाही. त्रिकोण नाही.

---

रॅमराम | १५ नोव्हेंबर, रात्री १०:४६

एकशे वीस रुपये! आपण काकांना वीस-बावीस हजारापर्यंत नेऊन ठेवलं होतं.

---

चिवडा_पाकीट | १५ नोव्हेंबर, रात्री १०:४८

१ए७ म्हणजे ४२३. आकडा अगदीच नीरस झाला. जुनी केबल परत लावता येईल का?

---

गावठी_गेमर | १५ नोव्हेंबर, रात्री ११:०२

एक शंका. फॉरमॅट मारला असता तर नव्या विंडोजने पेजफाइल आपोआप सी वर केली असती ना? म्हणजे गेम चालला असता ना?

---

दुपारचा_चहा | १५ नोव्हेंबर, रात्री ११:१०

...हो. चालला असता.

---

गावठी_गेमर | १५ नोव्हेंबर, रात्री ११:११

मी पहिल्या दिवशी १०:३३ ला काय लिहिलं होतं? वर जाऊन वाचा. मला हार-तुरे नकोत, फक्त नोंद घ्या.

---

मऊभात | १५ नोव्हेंबर, रात्री ११:२०

आणि काका खूश होऊन मुंजीचं शूटिंग त्याच डुगडुगत्या केबलवर ठेवून बसले असते. दुरुस्तीवाल्यालाही आपण बरोबर का ठरलो ते कळलं नसतं.

---

गावठी_गेमर | १५ नोव्हेंबर, रात्री ११:२२

ते आम्हाला कधीच कळत नाही. म्हणून तर आम्ही परत सहा महिन्यांनी मारतो.

---

नवखा_२०२५ | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

नमस्कार, माझापण लॅपटॉप हँग होतो. काय करू?

---

चिवडा_पाकीट | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:०७

वही आहे का?

---

सज्जनगडकर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५५

नवखा, तुम्ही वेगळा धागा काढा, मीही येतो तिथे. लाल नाही, पिवळं बघायचं, एवढं आता मला येतं.

खटपट्याराव, ८ जीबीची एक पट्टी मुलाने मागवली आहे, पुढच्या आठवड्यात येईल. तुमचाही सल्ला लागू पडला.

दुपारचा चहा ताई, साताऱ्याला आलात तर कंदी पेढे आमच्याकडून. माल डुइसबर्गला पोचला. नऊ तास उशीर, दंड कापून पैसे मिळाले. ही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, 'तिथे पोचलात, आता खाली जाऊन दूध तेवढं घेऊन या.'